नानांचे दोन टक्के

"याने माझे दोन टक्के खाल्ले," असं आमचे नाना भर पंगतीत म्हणाले, तेव्हा माझी बट्टी नुकती कुस्करून झाली होती आणि वाढपी तुपाची किटली घेऊन माझ्यापर्यंत येतच होता. तो थांबला. त्याने नानांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तूप न वाढता सरळ पुढे गेला. समोरच्या रांगेत नवरीचे मामा होते, सरकारी ठेकेदार. त्यांनी मोठ्या आपुलकीने विचारलं, "दोनच? आजकाल दोनवर कोण काम करतं हो?"

अमळनेरच्या त्या मंगल कार्यालयात कोरडी वरण-बट्टी गिळताना मी ठरवलं की हे सगळं एकदा लिहून काढायचं. कारण नानांचे ते दोन टक्के रस्त्याचे नव्हते, की बंधाऱ्याचे नव्हते. ते डीएनएचे होते.

थोडक्यात सांगतो. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. तिकडे थंडीत माणसं घरात कोंडली की त्यांना आपण कोण, कुठून आलो असले प्रश्न पडतात. त्याला पडले. दिवाळीला आला तो बॅगेत थुंकी गोळा करायच्या डब्या घेऊन. "मामा, तुम्हाला सगळे ओळखतात, तुम्ही फक्त सॅम्पल जमवा, मी जाताना घेऊन जातो. आणि या पोरांचं-म्हाताऱ्यांचं अकाउंट तुमच्याच मेलवर ठेवू. तुम्ही मॅनेजर." मॅनेजर म्हटल्यावर माणूस जरा ताठ होतो. मी झालो.

बाकीच्यांची थुंकी सहज मिळाली. खानदेशात थुंकीची टंचाई नाही. अडलं ते फुईपाशी. फुई म्हणजे माझी आत्या, ऐंशीच्या पुढची, पारोळ्याच्या अलीकडे एका खेड्यात राहते. तिचा डीएनए सगळ्यात मोलाचा, कारण वरच्या पिढीतलं जितकं माणूस सापडेल तितकं बरं. दर पिढीला निम्मा डीएनए गळतो. आजीचा माझ्यात सरासरी पाव, पणजीचा त्याच्या निम्मा. फुईत तो माझ्या दुप्पट ताजा. मी हे तिला समजावलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मागे तुना बाप तहसीलमा लई गया, हक्कसोडवर आंगठा लिधा. आते तू थुक लेवाले उना."

यावर कुठलाही भाचा काय बोलणार? २००५ च्या कायद्याने मुलीला वडिलार्जितात मुलाइतका वाटा दिला आणि त्याच्या पाठोपाठ गावोगावच्या बहिणी दिवाळीच्या साडीवर हक्कसोड देऊन मोकळ्या झाल्या. आमच्याकडे तर साडीही सुती होती, असं फुई अजून सांगते. शेवटी "यात जमिनीचं काही नाही, आईची शपथ" असं तीनदा म्हणवून घेऊन ती तयार झाली.

नियम असा की थुंकायच्या आधी अर्धा तास काही खायचं नाही, प्यायचं नाही, तंबाखू नाही. फुईच्या तोंडात मिश्री नाही असा अर्धा तास मी जन्मात पाहिलेला नव्हता. तिने चूळ भरली, पदर आवरला आणि परीक्षेला बसल्यासारखी ओसरीत बसली. आणि नेमके तेव्हा जिभाऊ आले.

जिभाऊ शेजारचे. फवारणीच्या पंपाचा वॉशर आहे का, एवढंच विचारायला आले होते. वॉशर नव्हता. पण जिभाऊ बाजेवर बसले, कमरेची पिशवी काढली आणि तळहातावर तंबाखू मळायला लागले.

"काय चालू शे?"

"फुईची थुंकी घ्यायचीय."

मळणारा अंगठा काही थांबला नाही. "कोन्हासाठे?"

"अमेरिकेला पाठवायचीय."

जिभाऊंनी चुना लावला, तीन चापट्या मारल्या, फुंकर घातली. मग म्हणाले, "तठे थुकं की दंड करतस म्हने. म्हनीसन आठून लई जातस का?"

मी म्हटलं तसं नाही, यावरून आपले पूर्वज कळतात, नातं कळतं, वंशावळ करता येते. 'वंशावळ' म्हटल्याबरोबर जिभाऊंचा चेहरा उजळला. आपल्याकडे वंशावळ म्हणजे एकच गोष्ट: जात पडताळणी. "मंग याच्यावर व्हॅलिडिटी भेटी का? मन्हा नातूनी फाइल अडकेल शे."

नाही भेटत. रक्तनात्यातल्या माणसाची, तीही बापाच्या बाजूच्याच, व्हॅलिडिटी असली तर उपयोग होतो. पण ते रक्तनातं दाखवायचं कशाने, तर वंशावळीच्या शपथपत्राने. शाळेचा दाखला, कोतवाल बुकातली नोंद, खासरा पत्रक, जमलं तर मोडीतला एखादा कागद. रक्त तेवढं कुणी मागत नाही. मी हे जिभाऊंना सांगितलं तर ते म्हणाले, "मंग हाई काय कामनं?" मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

अर्धा तास संपत नव्हता. फुई जिभाऊंच्या तळहाताकडे बघत होती. तिचं लक्ष दुसरीकडे वळावं म्हणून मी कॅलिफोर्नियाची गोष्ट काढली. तिथे सत्तर-ऐंशीच्या दशकांत एकाने खून, बलात्कार करून हाहाकार केला होता. चाळीस वर्षं सापडला नाही. मग पोलिसांनी जुन्या पुराव्यातला त्याचा डीएनए वंशावळीच्या एका साइटवर टाकला, तिथे कुणी दूरचे भाऊबंद जुळले, त्यांच्या झाडावरून उतरत उतरत पोलीस २०१८ मध्ये थेट त्याच्या दारात. तो स्वतः कधी कुठे थुंकायला गेला नव्हता. नातेवाइकांनी थुंकून त्याला धरून दिलं.

ओसरीत शांतता पसरली. जिभाऊंनी तंबाखू दाढेखाली सरकवली. मग बाजेवरून किंचित पुढे सरकत, आवाज खाली घेत विचारलं, "हाई... लाइटवाला बी वापरतस का?"

मी नकळत वर पाहिलं. जिभाऊंच्या कौलांवरून एक वायर खांबाकडे गेली होती आणि तिच्या टोकाला आकडा होता.

"नाही, लाइटवाले नाही वापरत."

"मंग काय हरकत नही," जिभाऊ मागे टेकले. "घी टाक थुक."

अर्धा तास झाला. मी नळी काढली, वर गाळणीसारखं तोंड बसवलं. रेषेपर्यंत भरायची, फेस धरायचा नाही. जिभाऊंनी नळी हातात घेऊन उजेडाला धरली. "बराबर शे. डेअरीमा बी फेस धरतस नही. फॅट कितली लागनी?"

पण फुईच्या तोंडात काही येईना. या वयात तोंड कोरडंच असतं, त्यात गोळ्या चालू. कागदावर लिहिलं होतं, गाल चोळा, लिंबाचा विचार करा. फुईने लिंबाचा विचार केला. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की लिंबू घरात आहे ना, मग विचार कशाला?

"सरक," जिभाऊ म्हणाले. "लिंबूनं काय होस? मी सांगस."

आणि या माणसाने भरीत सांगायला सुरुवात केली. पऱ्हाटीच्या काड्यांचा जाळ. त्यावर हिरवी, लांबट, बिनबियांची वांगी. साल काळी पडून तडकते आणि आतून पाणी चर्र करत निखाऱ्यावर पडतं. ती वांगी थंड व्हायच्या आत सोलायची, बोटं भाजली तरी. मग बडगी, म्हणजे भरीत कुटायचं लाकडी भांडं. बडगीत आधी भाजलेल्या मिरच्या आणि लसूण. कुटायचा तो असा की शेजारच्याला ठसका लागला पाहिजे. मग वांगं. वरून शेंगदाणे, कांद्याची पात, आणि तेल टाकताना हात आखडायचा नाही. सोबत कळण्याची भाकर, मधोमध फुगलेली. आणि एक कांदा, बुक्कीने फोडलेला, सुरीने नव्हे.

हे सगळं जिभाऊ हातवारे करून सांगत होते. 'बुक्कीने' म्हणताना त्यांनी बाजेवर बुक्की मारली. माझ्या तोंडाला इतकं पाणी सुटलं की माझी नळी आधीच भरून गेली होती याचं वाईट वाटलं. स्वतः जिभाऊ दोनदा उठून अंगणात जाऊन आले. फुई मात्र तशीच. फक्त 'बडगी' या शब्दाला तिच्या भुवया हलल्या होत्या.

"बडगी," ती म्हणाली. "मन्ही बडगी कोठे शे?"

जिभाऊ गप्प.

"तुन्ही बायको लई गयी. पोरनं लगीन व्हतं तवय. परत दिधी का?"

"दिधी ना, फुई..."

"कवय दिधी? कोन्हा हातमा दिधी?"

आणि फुई सुटली. बडगीपासून जी निघाली ती जिभाऊंच्या बायकोने नेलेला खलबत्ता, परातीला पडलेला पोचा, कानबाईच्या रोटाला मागून नेलेला आणि मग कुणाच्या लक्षात न राहिलेला गहू, असं करत जिभाऊंच्या सासूपर्यंत गेली. माझ्या लक्षात आलं की तिच्या तोंडातून तुषार उडताहेत. मी नळी तिच्या ओठांपाशी धरली. "फुई, बोल, पण यात." ती दर वाक्याला एकदा नळीत थुंकत होती, तेही तिरस्काराने, त्यामुळे भरपूर. जिभाऊ बिचारे आपली बाजू मांडत होते आणि मी हाताने त्यांना खुणावत होतो की मांडा, अजून मांडा. रेष भरली. झाकण दाबलं, त्यातलं औषध खाली उतरलं, पाच सेकंद हलवलं. त्या नळीतून अमेरिकेला जे गेलं त्यात अर्धा आमचा वंश होता आणि अर्धी जिभाऊंच्या बायकोची निंदा.

निघताना जिभाऊंनी मला दारात गाठलं. "एखादी डबी जास्तनी शे का? मन्ही बी घ्या." मी म्हटलं, जिभाऊ, डब्या मोजक्या आहेत, घरच्यांपुरत्या. त्यांना लागलं. "मंग मी काय बाहेरना शे?" एवढंच म्हणाले, आणि वॉशर न घेता गेले.

इथवर सगळं गमतीचं होतं. खरा छळ निकाल आल्यावर.

पहिली तक्रार नानांच्या धाकट्याची. माझ्याशी थोरल्याचा डीएनए चौदा टक्के जुळला, धाकट्याचा नऊ. मी सांगितलं, चुलतभावांचं सरासरी साडेबारा, कमीजास्त होणारच. वाटणीच्या वेळी चिठ्ठ्या टाकतात तसं आहे, कुणाच्या हाताला कुठली चिठ्ठी लागेल सांगता येत नाही. हा दाखला मी द्यायला नको होता असं माझी बायको म्हणते. मला अजून तो बरोबरच वाटतो. धाकट्याने फोनवर खोल श्वास घेतला आणि म्हणाला, "वाटणीतही मला नाल्याकडची पट्टी. इथेही नऊ. थोरला तिथेही पुढे." तेव्हापासून तो मला 'चौदावाल्यांचा माणूस' म्हणतो.

मग साइटने एका भुसावळच्या पोराला आमचा अगदी जवळचा नातेवाईक ठरवलं. तो कोण, कुठला, कुणाचा? दोन घरांत रात्रभर संशयाचं वातावरण. अखेर उलगडलं: त्याच्या आईवडिलांचं लग्न मामा-भाच्याच्या घरातलं, त्यांच्या आईवडिलांचंही तसंच. आपल्याकडे मामाच्या पोरीवर पहिला हक्क भाच्याचा, सोयरिका त्याच दहा-बारा गावांत फिरणार, मग एकच तुकडा चार वाटांनी येऊन एकाच माणसात जमा होतो. तिकडचं सॉफ्टवेअर साहेबांच्या हिशेबाने बनलेलं, त्याला वाटतं एवढं जुळतंय म्हणजे नातं जवळचं. मला लोकांच्या घरी जाऊन सांगावं लागलं की वहिनी, काही भानगड नाही, तुमच्याकडे फक्त लग्नं लांब झालेली नाहीत.

आणि नाना. नानांच्या निकालात सगळं पश्चिम भारत वगैरे होतं, पण खाली बारीक अक्षरात 'मध्य आशिया, दोन टक्के'. ते दोन टक्के पाहून नाना बदलले. जाकीट शिवलं. मिशीला वळण दिलं. पहिल्या आठवड्यात ते आभीर राजांचे वंशज होते. नाशिकच्या पांडवलेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाचा शिलालेख आहे, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मग कुणी म्हणालं, नाना, मध्य आशियातून बाबर पण आला आणि त्याच्या नातवाने १६०१ ला असीरगड घेऊन खानदेश जिंकला. त्या दिवशी नाना जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की आपले दोन टक्के त्याच्या आधीचे आहेत. लग्नपत्रिका वाटताना, दशक्रियेला, एसटीच्या स्टँडवर, सगळीकडे दोन टक्के.

मग साइटने हिशेब बदलला. या टक्क्यांचं असं असतं की ज्यांचे पूर्वज कुठले ते माहीत आहे अशा लोकांचा एक संच कंपनीकडे असतो. तुमचा डीएनए त्याच्याशी ताडून टक्के काढतात. संच वाढवला, सुधारला की टक्के बदलतात. एक-दोन टक्क्यांवर तर मुळी विसंबूच नये. नानांचं मध्य आशिया शून्य झालं. मी जितकं हळुवार सांगता येईल तितकं सांगितलं. "नाना, त्यांनी पॅनल बदललं."

"कुणी? निवडणूक झाली का?"

"गावचं पॅनल नाही, नाना."

"मग अकाउंट कुणाच्या मेलवर?"

"माझ्या."

"पासवर्ड?"

"माझ्याकडे."

नाना तलाठ्यांना ओळखून आहेत. उतारा एकाच्या हातात, शिक्का त्याच्याच हातात, आणि शेतकऱ्याचे दोन गुंठे गायब. फेरफार कोण करतो हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. त्यांनी परिवाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'नोंद परत लावा.' त्यातच मार्च २०२५ मध्ये ट्वेन्टीथ्री अँड मी या डीएनए तपासणाऱ्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केल्याची बातमी कुणीतरी शोधून टाकली. २०२३ मध्ये तिच्याकडून ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली होती, तेही टाकलं. आमच्या डब्या त्या कंपनीच्या नव्हत्याच. मी तसं लिहीत होतो. लिहून होईपर्यंत मला ग्रुपमधून काढलेलं होतं.

काढणारे ॲडमिन म्हणजे आमचे जावई. चुलतबहिणीचे यजमान, धरणगावचे. ज्यांचा आमच्याशी डीएनएचा एक कणही जुळत नाही त्यांनी मला आमच्या 'परिवारा'तून काढलं. फोन केला तर म्हणाले, "शिस्तीचा प्रश्न आहे, दाजी." मी त्यांचा दाजी नाही. ते माझे दाजी आहेत.

राग याचा नाही फारसा. राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे, आणि तो गमतीत घालवता येत नाही. भाच्याच्या झाडात आईची बाजूही भरायची होती. आईकडून लेकराला एक डीएनए येतो, मायटोकॉन्ड्रियाचा, तो पुढे फक्त लेकीच चालवतात. तो बघितला की आईची आई, तिची आई, अशी सरळ वाट मिळते. फुईची ती वाट निघाली 'एम' गटाची, हिंदुस्थानात भरपूर आढळणारा. हजारो वर्षं बायकांनी ती न चुकता पुढे दिली. आणि मला फुईच्या आजीचं, तिच्या आईच्या आईचं, नाव मिळेना. नानांना सात पिढ्यांच्या पुरुषांची नावं पाठ आहेत. व्हॅलिडिटीच्या वंशावळीत प्रत्येक बाप्याचं नाव, कंसात मयत. बाई एकही नाही. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतसुद्धा आमच्या घराण्यातले कोण कधी आले ते पुरुषांच्याच नावाने. नानांना विचारलं तर म्हणाले, "तिचं काय करायचं? ती तर चोपडेवाली." बस. चोपड्याहून आली म्हणून चोपडेवाली. माहेरचं नाव लग्नात पुसलं, सासरचं नाव कुणी हाकेला वापरलं नाही. फुईलाही एवढंच माहीत. दोन टक्क्यांसाठी भर पंगतीत माझी अब्रू काढणाऱ्या नानांना आपल्या सख्ख्या आजीचं नाव येत नाही आणि त्याची त्यांना लाजही नाही. मी झाडात 'चोपडेवाली' असं टाकलं. साइट लाल अक्षरात आडनाव मागत राहिली.

मी राजीनामा दिला. म्हणजे साइटवर तशी सोय आहे, एखाद्याचा निकाल सांभाळायचं काम दुसऱ्याकडे सोपवता येतं. भाच्याने विचारलं, "मामा, कुणाच्या नावे करू?" मी जावयांचा मेल दिला. जावयांना आधी वाटलं हा मानपानाचा प्रकार आहे, टोपी-उपरणं असेल. पण 'मॅनेजर' हा शब्द त्यांनाही पुरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्रुपवर नोटीस लावली, जी मला बायकोच्या फोनवर वाचायला मिळाली: 'ज्या सदस्यांचे टक्के कमी झाले आहेत अथवा गहाळ आहेत त्यांनी लेखी अर्ज, आधार कार्डाची झेरॉक्स व दोन पासपोर्ट फोटो यांसह रविवारपर्यंत जमा करावेत. उशिरा आलेल्या अर्जांचा विचार होणार नाही.'

नानांचा अर्ज दुसरा आला. पहिला जिभाऊंचा होता, फुईच्या नातवाच्या हाती पाठवलेला, दोन फोटोंसकट, आणि त्यात मागणी सरसकट पाच टक्क्यांची होती.